खापरीला नेलेला नारळ

माझ्या बायकोच्या माहेरी एक रीत आहे. घरातून ज्याला घालवलं, त्याला पत्रानं, फोननं किंवा कुणाकडून निरोप धाडून परत बोलवायचं नाही. घरातल्या माणसानं स्वतः जायचं, नारळ, विडा आणि अक्षता त्याच्या हातात ठेवायच्या आणि ‘चल’ म्हणायचं. तसं न बोलावता आला तर तो आगंतुक, आणि बोलावूनही नाही आला तर आपल्यापुरता मेला. मल्लेश्वरमात चार पिढ्या राहिलेली, बोलण्यात अर्धं कानडी मिसळणारी ही माणसं. पण रीत म्हटली की शहाजीराजांच्या लष्करातून कालच घोड्यावरून उतरल्यासारखी ताठ होतात. मी निपाणीचा. टेलिफोन खात्याच्या नोकरीपायी बेंगळुरात आलो आणि ह्यांचा जावई झालो. लोकांची बोलणी तारेवरून पोचवण्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही रीत म्हणजे शुद्ध खुळेपणा वाटायचा. तरी ती माझ्याच गळ्यात पडली, आणि तीही दोनदा.

घालवलेला माणूस म्हणजे खंडोजी, माझ्या बायकोचा, पवित्राचा थोरला भाऊ. तो दीपगृह खात्यात होता. कारवारच्या खाली, किनाऱ्यापासून होडीनं दीड-दोन तासांवर खापरी नावाचं बेट आहे, तिथं त्याची बदली झाली. बाकीचे लोक तिथून सुटायची वाट बघतात. ह्यानं तिथल्याच एका कोळ्याच्या मुलीशी, महानंदाशी, लग्न केलं आणि घरी पंधरा दिवसांनी सांगायला आला. माझ्या सासूबाई, जमनाबाई, दारातच उभ्या राहिल्या. “आलास तसा जा,” म्हणाल्या. तो गेला. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. पवित्रा गेटपर्यंत धावत गेली होती, एवढं मला आठवतं.

पुढं एकोणीस वर्षांपूर्वी सासूबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले, आणि सासूबाईंनी खंडोजीचा धोशा लावला. दिवसातून दहा वेळा त्याचं नाव. शेवटी मला खोलीत बोलावून त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला, विडा ठेवला, अक्षतांची पुडी ठेवली. “तुम्हीच जा,” म्हणाल्या. “जावयाला तो नाही म्हणणार नाही.” श्रावण होता. पवित्राला आईजवळून हलता येत नव्हतं. मी निघालो.

किनाऱ्यावर पोचलो आणि समुद्र बघितला. तोपर्यंत मी समुद्र फक्त कॅलेंडरवर बघितलेला होता. मला पोहता येत नाही. पहिले दोन दिवस होड्या बंदच होत्या, त्यामुळे लॉजवर बसून मी निर्धास्त होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बेटावर तांदूळ घेऊन एक होडी निघाली. नावाड्यानं मला हाक मारली, “येताय नव्हं?” मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि चहाच्या टपरीमागं गेलो. होडी लाटेवर चढताना आणि पलीकडं नाहीशी होताना मी तिथूनच बघितली. मी घाबरलो होतो. हे कबूल करायला मला एकोणीस वर्षं लागली, आणि शब्द तर एवढाच आहे.

नारळ परत नेणं शक्य नव्हतं, म्हणून तो मी समुद्रात टाकला. समुद्रानं तो तीनदा माझ्या पायाशी आणून ठेवला. चौथ्यांदा मी तो वाळूतच सोडला आणि बस पकडली.

होड्या बंद होत्या असं सांगायचं मी बसमध्ये ठरवलं होतं. अर्धं तर ते खरंच होतं. पण दारात पाऊल ठेवलं आणि पवित्रानं विचारलं, “भेटला?” तिच्या मागं सगळं माहेर उभं होतं. जावई किनाऱ्यावरून परत आला हे त्या सगळ्यांच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली. मी म्हणालो, “भेटला.”

एक शब्द बोललो, की दुसरा आपोआप लागतो. “मग? येतोय ना?” आता भेटला आणि आला नाही, तर काहीतरी म्हणाला असणारच. मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, आवाज खाली आणला आणि म्हणालो, “म्हणाला, माझी आई मी घर सोडलं त्याच दिवशी मेली.”

हे वाक्य मला कुठून सुचलं, देव जाणे. आवाज खाली आणून उपयोग झाला नाही, पलीकडच्याच खोलीत सासूबाई होत्या. त्यानंतर नऊ दिवस त्या जगल्या आणि नऊ दिवसांत त्यांनी खंडोजीचं नाव एकदाही घेतलं नाही.

पुढं ह्या वाक्याचं काय झालं तेही सांगतो. गोष्ट सांगणं मला जमतं. आमच्यात बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणणारच, “सुहासराव, ते खापरीचं सांगा.” मी सांगायचो. लाटा दर वर्षी थोड्या उंच होत गेल्या. होडी वाळूला लागली, मी गुडघाभर पाण्यातून नारळ डोक्यावर धरून चालत गेलो, तो पाठमोरा जाळं विणत बसला होता. जाळं मी तिसऱ्या वर्षी घातलं. लोक च्‌च्‌ करायचे, बायका डोळ्यांना पदर लावायच्या, आणि पवित्रा उठून पाणी आणायला जायची. तिनं भावाशी संबंध तोडला होता. एक पत्र नाही, एक फोन नाही.

ह्या वर्षी आमच्या मुलीचं, चंदनाचं, लग्न ठरलं. मुलगा येलहंक्याचा, शुभंकर. गौरी-गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्रिकेचा मजकूर घेऊन मी बसलो होतो. पवित्रा समोर येऊन बसली आणि म्हणाली, “ह्यात मामाचं नाव राहिलंय.”

“कुठल्या मामाचं?”

“तिला एकच मामा आहे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, “हणमंतराव आहेत की.” हणमंतराव म्हणजे तिच्या चुलत्याचा मुलगा, जयनगरला राहतो, कुणाच्याही लग्नात कुणाचाही मामा व्हायला तयार असतो.

“बोहल्यावर पोरीला सख्खा मामा नेईल,” ती म्हणाली. “मी चौकशी केली. अण्णा अजून खापरीलाच आहे. निवृत्त झाला, वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. पितृपक्ष लागायला सहा दिवस आहेत. पितृपक्षात अक्षत देता येत नाही आणि दसऱ्याला पत्रिका वाटायच्या आहेत. म्हणजे ह्याच आठवड्यात जायचं.”

“अगं, हा काय जायचा मोसम आहे? सगळं बंद असतं तिथं. समुद्र शांत झालेला नसतो. स्वल्प थांब, दिवाळीनंतर बघू.”

“तुम्ही तर श्रावणात गेला होता,” ती म्हणाली.

 माझ्याच लाटांनी मला आडवं केलं. मी फोनचं सुचवून पाहिलं, रीत आडवी आली. माझे गुडघे दुखतात म्हणालो, तर ती म्हणाली, “सरी, ठीक आहे, मी एकटी जाते.” एकटी गेली तर पहिल्या पाच मिनिटांत सगळं बाहेर पडणार. बरोबर असलो तर निदान विषय बदलता येईल. असा विचार करून मी तिकिटं काढली. यशवंतपूरहून सकाळची गाडी. दिवसभर मी तिला एकच गोष्ट पटवत होतो. “शुभकार्याला चाललोय. जुनं काही उकरून काढू नकोस. आईचं नाव नको, काही नको. अक्षत द्यायची आणि निघायचं.”

“नाही काढणार,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बंदरावर गेलो. प्रवाशांना नेणाऱ्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, वर माडाच्या झावळ्या घातलेल्या. तिकिटाच्या खिडकीला कुलूप. ऑक्टोबरपर्यंत कुणी येत नाही, असं चहावाला म्हणाला. ती टपरी तीच होती की दुसरी, हे मी बघितलं नाही. मासेमारीच्या बोटी केव्हाच लांब गेल्या होत्या. मला आशा वाटायला लागली होती, तेवढ्यात नागनाथ नावाचा एक म्हातारा नावाडी तयार झाला. त्याचं इंजिन दुरुस्तीला गेलं होतं. “वारं बरं आहे, शिडानं जाऊ,” तो म्हणाला. “जायला दोन तास. पण पाणी उतरायच्या आत परत निघायला हवं. तिथलं बंदर उथळ, ओहोटीला होडी रुतून बसते.”

पवित्रा एखाद्या बसमध्ये चढावी तशी होडीत चढली. मांडीवर पिशवी घेतली, पिशवीत नारळ, विडा, अक्षता. मला नागनाथनं काखेत हात घालून वर ओढलं. शीड वर चढलं, वाऱ्यानं भरलं, आणि किनारा मागं सरकायला लागला. इंजिन नसल्यामुळे आवाजच नव्हता. दोरी कुरकुरायची, होडीच्या पोटाखालून पाणी जायचं. मी दोन्ही हातांनी फळी धरून बसलो. खरं सांगायचं तर समुद्र त्या दिवशी तसा काही खवळलेला नव्हता. फळी धरली होती ती दुसऱ्याच कारणानं.

“पैल्यांदाच जाताय?” नागनाथनं विचारलं.

“मी पहिल्यांदा. हे एकदा गेलेत,” पवित्रा म्हणाली. “एकोणीस वर्षांपूर्वी. श्रावणात.”

“श्रावणात!” त्यानं माझ्याकडं बघितलं. “कुठं उतरला होता? धक्क्याला की वाळूत?”

 उत्तर पवित्रानंच दिलं. “वाळूत. गुडघाभर पाण्यातून चालत गेले होते, नारळ डोक्यावर धरून.”

“बरोबर. धक्का आता दहा वर्षांमागं झाला,” नागनाथ म्हणाला.

 खोटं बोलणाऱ्याला नशीबही कशी साथ देतं, बघा. पवित्रा मात्र माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला हवं होतं, ते नव्हतं. तिची काहीतरी निराशा झाल्यासारखं मला वाटलं. पण तेव्हा मी माझ्याच आनंदात होतो.

खापरी जवळ आली. दोन काळ्या टेकड्या, मधे वाटीसारखं बंदर, वर पांढरं दीपगृह. बंदरात माणूस नव्हता. उलट्या घातलेल्या होड्या, एक बंद पडलेलं दुकान, त्याच्यावर ‘थंड पेये मिळतील’ अशी कानडी पाटी, आणि दोन कुत्री. वाऱ्यापासून आडोशाला आल्यावर शीड पडलं आणि नागनाथनं वल्ही घेतली. धक्क्यावर कुणीतरी येऊन उभं राहिलं. लुंगी, अंगात बनियन, डोक्यावर एक केस नाही. होडी लागेपर्यंत तो नुसता बघत होता.

“पवी?” तो म्हणाला.

पवित्रा धक्क्याच्या पायऱ्या अशी चढली की साडी ओली झाली तरी तिला कळलं नाही.  त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, परत परत फिरवला, आणि ती रडत होती. मग त्यानं मला नमस्कार केला. “या दाजी. पहिल्यांदाच आलात.”

 पण पवित्रा नाक पुसत होती, तिनं ऐकलं नाही. मी घाईघाईनं त्याच्या तब्येतीची चौकशी सुरू केली.

त्याचं घर बंदरापासून दोन मिनिटांवर होतं. दोन खोल्या, लख्ख सारवलेलं अंगण, भिंतीवर महानंदाचा हार घातलेला फोटो. त्यानं चहा केला. पवित्रानं फोटोला हळदकुंकू लावलं. मग पाट मागितला, त्याला पाटावर बसवलं, तिनं समोर नारळ ठेवला, विडा ठेवला, त्याच्या ओंजळीत अक्षता घातल्या. “चंदनाचं लग्न आहे. कार्तिकात. तू मामा. तू यायचंस आणि तिला बोहल्यावर न्यायचंस. चल.”

तो ओंजळीकडं बघत बसला. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण प्रसाद मिळालेल्या लहान मुलासारखी ओंजळ धरली होती. आता उठूया, असं मी मनात म्हणत होतो. पाणी उतरतंय, नागनाथ वाट बघतोय, उठूया.

“येतो,” तो म्हणाला. “का नाही येणार? मला वाटलं होतं, त्या घरात मला कुणी बोलवणारच नाही. अम्मा गेली तेव्हासुद्धा मला दीड महिन्यानं कळलं, तेही एका बदलून आलेल्या माणसाकडून. मी म्हटलं, एक निरोपसुद्धा—”

“निरोप?” पवित्रा म्हणाली. “हे आले होते ना तुला न्यायला.”

 मी चहाच्या कपाकडं बघत होतो. तरी तो माझ्याकडं बघतोय हे मला कळत होतं, आणि शेवटी मी मान वर केली. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं मला माहीत नाही. जे होतं ते सगळं दिसलं असणार.

“हो,” खंडोजी सावकाश म्हणाला. “आले होते. मी निरोप म्हणालो ते… गेल्याचा निरोप.”

“मग तू का नाही आलास?”

“नाही आलो.”

“अण्णा, मला एकच सांग. मी काही विचारणार नाही असं ठरवून आले होते, पण विचारते. ‘माझी आई मी घर सोडलं त्याच दिवशी मेली’, असं तू म्हणालास?”

हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. ते त्याला कसं लागलं ते मी डोळ्यांनी बघितलं. ओंजळीतल्या चार अक्षता खाली पडल्या.

“म्हणालो असेन,” तो म्हणाला.

“असेन नको. म्हणालास?”

“म्हणालो.”

पवित्रा उठली. पदर सारखा केला आणि बाहेर निघून गेली. अंगणातून बंदराकडं जाणारी तिची पावलं ऐकू येत होती.

आम्ही दोघं राहिलो. “का हो म्हणालात?” मी विचारलं. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

“तिनं विचारलं आणि मी तुमचं तोंड बघितलं,” तो म्हणाला. “मी नाही म्हटलं असतं तर ती ह्या वयात कुठं गेली असती, दाजी? इथं? ह्या दोन खोल्यांत?” तो खाली पडलेल्या अक्षता एकेक करून वेचत होता. “पण ते वाक्य अम्मानं ऐकलं का? तेवढं सांगा.”

मी नाही म्हणायला हवं होतं. आयुष्यभर खोटं बोललो, तिथं एक खोटं चाललं असतं. पण नेमकं तेव्हाच मला बोलता येईना, आणि त्याला कळलं. त्यानं सगळ्या अक्षता कागदाच्या पुडीत बांधल्या.

“मी बोललो तर तुमचं घर फुटेल,” मग तो म्हणाला. “तुम्ही बोललात तर कदाचित नाही फुटणार. पवी तशी मनानं मोठी आहे. पाणी उतरायला अजून अर्धा-पाऊण तास आहे. जा आणि सांगा तिला.”

मी गेलो. शपथेवर सांगतो, सांगायचं ठरवूनच गेलो. पवित्रा एका उलट्या होडीवर बसली होती. नागनाथ लांब धक्क्यावर दोरी गुंडाळत होता. बंदरात इतकी शांतता होती की कुत्र्यानं अंग झाडलेलं ऐकू आलं. मी तिच्या शेजारी बसलो. “पवित्रा,” म्हणालो, “मला तुला काहीतरी सांगायचंय.”

“थांबा. आधी मला सांगू द्या,” ती म्हणाली. “मला तुमची माफी मागायची आहे.”

“माझी?”

“एकोणीस वर्षं मी मनात तुम्हाला खोटं ठरवत आले. तुम्हाला तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगता येत नाही. ते जाळं तर तुम्ही मागाहून घातलंत, मला ठाऊक आहे. मला वाटायचं, तसंच ते वाक्यही ह्यांनीच घातलं असेल. अण्णा असं बोलणारच नाही. मी इथं अक्षत द्यायला आले खरी, पण मनात हेच होतं. तो ‘नाही म्हणालो’ म्हणेल, आणि मी तुमच्यावर चिडेन, चार दिवस बोलणार नाही, आणि मग सगळं सरळ होईल. मला भाऊ परत मिळेल.” तिनं डोळे पुसले. “होडीत त्या नावाड्यानं विचारलं तेव्हासुद्धा वाटलं, आता पकडले जाल. तुम्ही खरंच पाण्यातून चालत गेला होता. माझ्यासाठी. आणि मी तुमच्यावर संशय घेत राहिले. मला माफ करा.”

चार दिवस. तिनं शिक्षासुद्धा ठरवून ठेवली होती, चार दिवस न बोलण्याची. मला फक्त तोंड उघडायचं होतं. पण तिनं माझा हात हातात घेतला होता, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. त्या बघण्याला मी भुललो. भिऊन नव्हे, ह्या वेळी भीती नव्हती. त्या टपरीमागं लपणारा माणूस बरा, असं मी आज म्हणतो.

“असू दे,” मी म्हणालो.

“तुम्ही काय सांगणार होता?”

“हेच की… मनाला लावून घेऊ नकोस.”

ती उठली. “जाऊन तो नारळ घेऊन या. विडाही. त्याच्या घरात आपली अक्षत राहायला नको. मी आता त्याचं तोंड बघणार नाही.”

खंडोजी दारातच उभा होता. हातात नारळ तयार होता, म्हणजे तिथूनच त्यानं आम्हाला बघितलं असावं. “सांगितलंत?” त्यानं विचारलं.

मी नाही अशी मान हलवली.

तो रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्यानं विडा आमच्या पिशवीत ठेवला, नारळ ठेवला. अक्षतांची पुडी मात्र माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली. “पोरीच्या डोक्यावर माझ्या नावानं टाका,” म्हणाला. “एवढं तरी कराल ना?”

परतीला वारा उलटा होता. शीड ह्या बाजूचं त्या बाजूला करत, नागमोडी जात, आम्हाला तीन तास लागले. पवित्रानं एकदाही मागं वळून बघितलं नाही. मी बघत होतो. धक्क्यावरचा तो माणूस खूप वेळ तिथंच उभा होता. अर्ध्या वाटेवर पवित्रानं पिशवीतून नारळ काढला आणि पाण्यात सोडला. तिचा नारळ समुद्रानं परत आणला नाही. तो लाटेवर डुलत डुलत लांब गेला.

लग्न कार्तिकात झालं. जयनगरच्या मंगल कार्यालयात, चारशे पान. पत्रिकेत मामा म्हणून हणमंतरावांचं नाव, आणि हणमंतरावांनीच नवा फेटा बांधून चंदनाला बोहल्यावर आणलं. माझ्या कोटाच्या खिशात ती पुडी होती. मंगलाष्टकं चालू असताना पवित्राच्या हातातल्या अक्षता संपल्या. तिनं माझ्यापुढं हात केला, आणि मी ती पुडी तिच्या तळहातावर मोकळी केली. तिनं त्या मुलीच्या डोक्यावर टाकल्या. मामाचं तेवढं एक काम तरी मी केलं. त्यातही तिला फसवलंच.

जेवणं उरकल्यावर खुर्च्यांचा गोल झाला. व्याही, येलहंक्याची मंडळी, आमची मंडळी. विहिणीनं साध्या मनानं विचारलं, “चंदनाचे सख्खे मामा नाहीत का?”

 मी उठायला लागलो, पान आणतो म्हणालो.

“बसा ना,” पवित्रा म्हणाली. “सांगा त्यांना खापरीचं. तुम्ही छान सांगता.”

मी सांगितलं. श्रावण, लाटा, गुडघाभर पाणी, डोक्यावरचा नारळ. ह्या वेळी बंदराचं वर्णन अगदी बरोबर होतं, दोन काळ्या टेकड्या आणि वर पांढरं दीपगृह. जाळ्यापाशी आलो आणि अडखळलो. ते वाक्य तोंडातून निघेना.

ते पवित्रानं म्हटलं. शब्दन्‌शब्द, माझ्याच आवाजातल्या चढउतारासकट. व्याहीबुवा मान हलवत म्हणाले, “छे, पोटचा मुलगा असं बोलेल? ऐकीव गोष्टी असतात ह्या.”

“ऐकीव नाही,” पवित्रा म्हणाली, आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “मी स्वतः गेले होते. माझ्यासमोर कबूल केलं त्यानं.”